सातव्या ब्रेकरचा दात: कंगवा बसबार कसा बसवावा

तक्रार एवढीच होती की पॅनलमधून अधूनमधून चर्र असा आवाज येतो. कव्हर काढलं तर आत सगळं चित्रासारखं. बारा ब्रेकर एका रांगेत, वर एकसलग कंगवा बसबार (सगळ्या ब्रेकरना एकत्र वीज पोचवणारी, कंगव्यासारखे दात असलेली तांब्याची पट्टी), दोन्ही टोकांना टोप्या, एकही वायर वाकडी नाही. पॅनल मीच बांधलं होतं, त्यामुळे बघून जरा बरंही वाटलं. मग सातव्या ब्रेकरच्या वरच्या अंगाला, स्क्रूच्या भोकाच्या कडेने, प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसलं.

सप्लाय तोडला, तुटल्याची खात्री केली आणि सातव्याचा स्क्रू पाहिला. घट्ट. बसबार धरून हलवला, तसूभर हलेना. शेवटी बाराही स्क्रू सोडून बसबार उपसला तेव्हा उलगडा झाला. अकरा दातांवर स्क्रूच्या दाबाचा चकचकीत ठसा होता, सातव्यावर नव्हता. तो दात टर्मिनलच्या पिंजऱ्यात, म्हणजे स्क्रू आवळला की मिटणाऱ्या धातूच्या चौकटीत, शिरलाच नव्हता. पिंजऱ्याच्या मागे, प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून उभा होता. मी स्क्रू आवळला तेव्हा रिकामा पिंजरा मिटला, आणि तो दात पिंजऱ्याच्या पाठीला जेमतेम टेकून इतके दिवस करंट पोचवत राहिला.

कंगवा बसबार कसा बसवायचा हे सांगताना मी या दातापासून सुरुवात करते, कारण बाकी काम खरंच सोपं आहे.

आधी, हा कंगवा हवाच कशाला? शेजारीशेजारी आठ ब्रेकरना एकच फेज द्यायची असेल तर जुनी रीत म्हणजे वायरचे लूप मारणे. सात तुकडे, चौदा टोकं, आणि मधल्या सहा टर्मिनलमध्ये प्रत्येकी दोन-दोन टोकं कोंबलेली. शिवाय आठव्या ब्रेकरचा करंट आधीच्या सातही टर्मिनलमधून वाट काढत येतो. तिसऱ्याचा स्क्रू ढिला पडला तर पुढचे सगळे त्याच्यासोबत रडतात. कंगव्यात आठ ब्रेकरना आठच जोड, आणि प्रत्येक दाताला करंट थेट पट्टीतून. एक जोड बिघडला तर तो एकटाच बिघडतो. ही त्याची मोठी सोय, आणि लपवाछपवीही हीच. सात चांगले दात आठव्या वाईट दाताला धरून ठेवतात. वायरच्या जोडाला आपण एक हिसका देतो आणि ती निसटली तर कळतं. कंगव्यात हिसका देऊन काहीच कळत नाही.

खरेदीआधी मोजायच्या गोष्टी

३५ मिलिमीटरच्या डिन रेलवर, म्हणजे ब्रेकर अडकवायच्या धातूच्या पट्टीवर, बसणारा एक पोलचा ब्रेकर साधारण १७.५ ते १८ मिलिमीटर रुंद असतो. कंगव्याच्या दोन दातांमधलं अंतर बहुतेक वेळा १७.८ च्या आसपास. बारा मॉड्यूलचा (एक पोलच्या ब्रेकरची रुंदी म्हणजे एक मॉड्यूल) तुकडा साधारण २१४ मिलिमीटर, आणि एक मीटरच्या पट्टीत छप्पन्नच्या आसपास दात येतात. मोजताना आकड्यावर जाऊ नका, ब्रेकर रेलवर लावून त्यांच्यासमोर कंगवा धरा. अंतरात पाव मिलिमीटरचाही फरक असेल तर पहिल्या तीन दातांना जाणवत नाही, पण बाराव्यापर्यंत तो तीन मिलिमीटर झालेला असतो, आणि मग माणूस दात वाकवायला लागतो. दात वाकवायची वेळ आली की समजावं, कंगवा या ब्रेकरचा नाही.

म्हणून एका कंपनीचे ब्रेकर आणि दुसरीचा कंगवा ही जोडी मी जमवत नाही. रुंदी जुळली तरी टर्मिनलची खोली जुळत नाही, कुणाचं पुढे असतं, कुणाचं दोन मिलिमीटर मागे. ब्रेकरच्या माहितीपत्रकात त्याला कुठला बसबार चालतो याचा क्रमांक दिलेला असतो, तो घ्यावा. एकाच रांगेत दोन कंपन्यांचे ब्रेकर असतील तर एकच कंगवा दोघांवरून ओढू नये. मधे तोडावा आणि दोन तुकड्यांना वेगवेगळी वायर द्यावी. देखणं दिसत नाही, पण चालतं.

दातांचे दोन प्रकार. एक पिन, म्हणजे सरळ चपटी पट्टी. ती पिंजऱ्याच्या टर्मिनलमध्ये शिरते आणि स्क्रू आवळला की पिंजरा वर येऊन तिला दाबतो. दुसरा काटा, दुबेळक्यासारखा फाटलेला. तो स्क्रूच्या डोक्याखाली दोन्ही बाजूंनी बसतो, त्यामुळे त्याला डोक्याखाली चपटी जागा असलेलं टर्मिनल लागतं. पिनवाल्या टर्मिनलमध्ये काटा किंवा काट्याच्या जागी पिन, दोन्ही दिसायला बसल्यासारखे वाटतात आणि दोन्ही चूक. काही ब्रेकरच्या टर्मिनलला दोन खाने असतात, एक बसबारसाठी आणि एक वायरसाठी. असे ब्रेकर मिळाले तर मी खूष असते, कारण दात आणि वायर एकाच तोंडात घुसवायचा मोह तिथे होत नाही.

आता करंट. नेहमी दिसणारा १० चौरस मिलिमीटर तांब्याचा कंगवा एका टोकाकडून सप्लाय दिला तर साधारण ६३ अँपिअरचा धरतात, मधून दिला तर १०० चा. १६ चौरस मिलिमीटरचा असेल तर टोकाकडून ८० च्या घरात. तुमच्या पट्टीवर जे छापलं असेल तेच खरं. टोक आणि मध्य यांत एवढा फरक का, हे नवी पोरं हमखास विचारतात, आणि बरोबर विचारतात. समजा दहा ब्रेकर आहेत, डावीकडचे पाच मिळून ४५ अँपिअर घेतात, उजवीकडचे पाच ४०. टोकाकडून सप्लाय दिला तर पहिल्या दातालगतच्या तांब्यातून सगळे ८५ जातात. मधून दिला तर डावीकडे ४५ आणि उजवीकडे ४०. पट्टीच्या कुठल्याही एका जागेवर ४५ च्या वर भार नाही. तांबं तेच, रस्ता वाटला गेला. फक्त मधला फीडिंग टर्मिनल (कंगव्याला सप्लायची वायर जोडायचा भाग) आणि त्याची वायर मात्र पूर्ण ८५ ला पुरणारी हवी. आणि वरच्या मेन ब्रेकरचं रेटिंग बसबारच्या रेटिंगपेक्षा जास्त नसावं, म्हणजे हिशेब चुकला तरी तांबं तापायच्या आधी मेन पडेल. शॉर्ट सर्किटची क्षमताही बसबारच्या पत्रकात पाहून घ्या, ती लोक फक्त ब्रेकरवर पाहतात.

एक खुलासा इथेच. अमेरिकी पद्धतीच्या पॅनलमध्ये ब्रेकर मागच्या बसबारवरच अडकवतात. तिथे हा कंगवा लागत नाही. मी बोलतेय ते डिन रेलच्या पॅनलबद्दल.

तीन फेजचा कंगवा, आणि न्यूट्रलचा सापळा

एक फेजच्या कंगव्यात सगळे दात एकाच पट्टीचे. तीन फेजच्या कंगव्यात तांब्याच्या तीन पट्ट्या इन्सुलेशनने अलग करून एकापाठोपाठ बसवलेल्या असतात आणि दात पाळीपाळीने बाहेर येतात: एल१, एल२, एल३, पुन्हा एल१. बारा दातांत प्रत्येक फेजला चार. एक पोलचे ब्रेकर ओळीने लावले की फेज आपोआप वाटले जातात. पण भार आपोआप वाटला जात नाही, हे विसरू नका. पहिल्या, चौथ्या आणि सातव्या जागी तीन मोठे हीटर लावले तर तिन्ही एकाच फेजवर गेले. ब्रेकर रेलवर चढवण्याआधी मी कागदावर एक, दोन, तीन असे रकाने काढते आणि मोठे भार तीन रकान्यांत वाटून मगच क्रम ठरवते.

पट्टीवर छापलेलं एल१ हे नुसतं नाव आहे. खरी फेज कुठली ते मेन स्विचच्या कुठल्या पोलखाली तो दात आला त्यावर ठरतं. एक पोलच्या दोन ब्रेकरनंतर तीन पोलचा ब्रेकर लावला तर त्याला एल३, एल१, एल२ असा क्रम मिळतो. घाबरू नका, चक्र तेच राहतं आणि मोटर सुलटीच फिरते. कंट्रोलची वायर ठराविक फेजवरून घेतली असेल तर मात्र ती कुठली, ते पुन्हा पाहावं लागतं.

आता सापळा. तीन फेजच्या कंगव्याखाली फेज आणि न्यूट्रल असे दोन पोल असलेला आरसीबीओ (गळतीचा करंट आणि जादा करंट दोन्हींवर पडणारा ब्रेकर) किंवा दोन पोलचा आरसीसीबी (फक्त गळतीच्या करंटवर पडणारा) लावला, तर त्याच्या न्यूट्रलच्या तोंडासमोरही एक दात येतो. तो दात दुसऱ्या फेजचा असतो. तो तसाच आवळला तर २३० व्होल्टच्या उपकरणाला ४०० व्होल्ट मिळतात. आणि त्याच तोंडात कुणी न्यूट्रलची वायरही दिली असेल तर फेज आणि न्यूट्रल थेट भिडतात. अशा वेळी तोच कंगवा वापरायचा असेल तर तो दात काढता येतो का पाहावं; काही बसबारचे दात तोडण्यासाठीच खाचा देऊन बनवलेले असतात, आणि फेज व न्यूट्रल आलटूनपालटून असलेला वेगळा कंगवाही मिळतो. न्यूट्रल डावीकडे की उजवीकडे, हे कंपनीगणिक बदलतं. उपकरणावर एन हे अक्षर बघितल्याशिवाय मी कंगवा जवळही नेत नाही.

आरसीसीबीचं आणखी एक. पॅनलमध्ये दोन आरसीसीबी असतील आणि त्यांच्याखाली ब्रेकरचे दोन गट असतील, तर कंगवाही दोन तुकड्यांत हवा. एकच लांब पट्टी दोन्ही गटांवरून गेली की दोन्ही आरसीसीबीची फेज मागून एक झाली. मग कुठला आरसीसीबी का पडतोय ते कुणाला सापडत नाही. न्यूट्रल लिंकही (न्यूट्रलच्या वायरी जोडायची पट्टी) प्रत्येक गटाची वेगळी. आणि आरसीसीबीच्या टर्मिनलची उंची शेजारच्या ब्रेकरच्या उंचीशी जुळत नसेल, कंगवा तिथे कमान टाकत असेल, तर आरसीसीबीपासून पहिल्या ब्रेकरपर्यंत वायर द्या आणि कंगवा ब्रेकरपासून सुरू करा.

कापणं

सगळे कंगवे कापण्यासाठी नसतात. काहींवर न कापण्याची सूचना असते, ती पाळावी. कापायचा असेल तर बारीक दात्यांचं हॅकसॉ ब्लेड, व्हाइसमध्ये अलगद धरलेली पट्टी, आणि पॅनलपासून लांब. पॅनलच्या आत, रेलवर लावलेला कंगवा जागच्या जागी कापणारे लोक मी पाहिले आहेत. तांब्याचा कीस ब्रेकरच्या फटींत पडतो आणि फुंकर मारून निघत नाही.

कापायची जागा दोन दातांच्या मधोमध. कापल्यावर तांब्याच्या पट्ट्या प्लास्टिकच्या खोळीतून बाहेर ओढा आणि कानशीने कडा मोडा. खोळीच्या आतली पट्टी खोळीपेक्षा काही मिलिमीटर आखूड राहिली पाहिजे. तीन फेजच्या कंगव्यात हे टाळता येत नाही, कारण कापलेल्या तोंडाशी तीन फेज अगदी शेजारी उघड्या पडतात. करवतीने ओढत नेलेली तांब्याची एक बारीकशी कूस एका पट्टीवरून दुसरीकडे झुकली की झालं. कापडाने पुसा, टॉर्च लावून तोंडात बघा, मग टोपी बसवा. टोपी हरवली म्हणून इन्सुलेशन टेप गुंडाळू नका. टेप उष्णतेने सुटते, आणि सुटताना चिकट डिंक मागे ठेवून जाते.

बसवणं

पॅनल चालू असेल तर आधी सप्लाय तोडा. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या आवकेच्या बाजूच्या टर्मिनलवर वीज असतेच. म्हणून सप्लाय मागून तोडा, कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. टेस्टर आधी चालू जागेवर तपासा, मग इथे मृत असल्याची खात्री करा, मग पुन्हा चालू जागेवर. मधेच टेस्टरची बॅटरी संपली असेल तर दुसऱ्या तपासणीतलं शून्य खोटं असतं. आणि तुमच्या ठिकाणच्या नियमांप्रमाणे पॅनलचं काम परवानाधारकानेच करायचं असेल, तर तुम्ही वाचा, पण करायला त्यालाच लावा.

ब्रेकर रेलवर चढवा, एकमेकांना भिडवा, दोन्ही टोकांना एंड स्टॉपर लावा. स्टॉपर नसेल तर कंगवा घालताना रांग एका बाजूला सरकते आणि शेवटचा दात चुकतो. ब्रेकरला नऊ मिलिमीटरचा ऑक्झिलरी काँटॅक्ट (ब्रेकर चालू की बंद ते कळवणारा जोडभाग) जोडायचा असेल तर तो आत्ताच जोडा, कारण त्याने पुढचा ब्रेकर अर्धा मॉड्यूल सरकतो आणि साधा कंगवा निकामी होतो. त्यासाठी दीड मॉड्यूल अंतराचा कंगवा मिळतो.

मग सगळे स्क्रू पूर्ण उलटे फिरवून पिंजरे उघडा. पूर्ण म्हणजे पूर्ण, स्क्रू वर येऊन थांबेपर्यंत. नवे ब्रेकर डब्यातून येताना पिंजरे उघडे असतात असा समज आहे, पण तसं नेहमी नसतं. वाहतुकीत हादऱ्यांनी अर्धे मिटतात. माझ्या त्या सातव्याचं नेमकं हेच झालं होतं. बाकीचे उघडे, एक अर्धा मिटलेला, आणि दात मागच्या फटीत शिरला. आता मी प्रत्येक तोंडात टॉर्च मारते आणि पिंजऱ्याची मागची कड दिसते का ते बघते. बारा ब्रेकरना मिनिटभर लागतो.

कंगवा दोन्ही हातांनी, सगळे दात एकदम तोंडाशी येतील असा धरा. एका टोकाकडून घालत दुसऱ्याकडे गेलात तर पट्टी तिरकी होते आणि लांबचे दात पिंजऱ्याच्या मागच्या फटीकडे झुकतात. सरळ, समान दाबाने, खोळ ब्रेकरला टेकेपर्यंत. हातोडी, पकडीचा मुठीकडचा भाग, काहीही नको. अडकलं तर बाहेर काढा आणि कुठे अडतंय ते बघा.

एका हाताने कंगवा दाबून धरून मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांकडे, सगळे आधी हलके आवळा. मग टॉर्कच्या स्क्रू ड्रायव्हरने पूर्ण. किती, ते ब्रेकरच्या कुशीवर न्यूटन मीटरमध्ये छापलेलं असतं. या आकाराच्या ब्रेकरना बहुधा दोन ते तीनच्या मध्ये. ड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसणारं हवं, बहुतेकांना पोझिड्राइव्ह दोन नंबरचं. साध्या फिलिप्सच्या टोकाने खाच घासली जाते आणि मनगटाला वाटतं स्क्रू बसला. आमचे जुने फोरमन म्हणायचे, मनगट सकाळी वेगळं आणि संध्याकाळी वेगळं. बाराव्या पॅनलला ते पटतं.

आता माझी आवडती तपासणी. तिला मीटर लागत नाही. सगळे स्क्रू आवळून झाले की समोरून वाकून बघा, त्यांची डोकी एका पातळीत आहेत का. दात पिंजऱ्यात असेल तर स्क्रू दातापाशी थांबतो. पिंजरा रिकामा असेल तर स्क्रू आणखी दोन-तीन फेरे घेतो, आणि आवळताना ज्यांचा स्क्रू आत सरकतो अशा ब्रेकरमध्ये डोकं बाकीच्यांपेक्षा खोल दिसतं. टॉर्क ड्रायव्हर मात्र खट् करून बरोबर म्हणतो, कारण त्याला दाब कळतो, कुणावर पडला ते कळत नाही. एक डोकं खोल दिसलं की कंगवा पुन्हा बाहेर.

सप्लायची वायर कुठे जोडायची? माझा क्रम असा: मेन स्विच त्याच कंगव्याखाली येत असेल तर त्याच्याच जावकेतून; नाही तर कंपनीच्या फीडिंग टर्मिनलमधून. दाताशेजारी त्याच तोंडात जाड वायर कोंबणं फक्त कंपनीने लिहून दिलं असेल तरच. चपटा दात आणि गोल वायर एका स्क्रूखाली आले की दाब एकावरच पडतो. मऊ तारांची वायर असेल तर टोकावर फेरुल (धातूची छोटी नळी) दाबून बसवूनच.

कंगवा वर लावायचा की खाली? एसीच्या साध्या ब्रेकरला (एमसीबी) बहुधा दोन्ही चालतं, पण डीसी ब्रेकर, काही आरसीबीओ आणि आर्क फॉल्टची उपकरणं यांवर आवक आणि जावक ठरवून दिलेली असते. पॅनलभर एकच बाजू ठेवा. अर्धी रांग वरून आणि अर्धी खालून दिली, की नंतर उघडणारा माणूस वरचं टर्मिनल मृत समजून हात घालेल.

रिकाम्या जागेसमोर उरलेल्या दातांना दातांच्या टोप्या घाला. उघडा दात म्हणजे मेन चालू असताना उघडी वीज. टोप्या कंगव्याबरोबर मिळतीलच असं नाही, वेगळ्या मागवाव्या लागतात. मी दोन पॅनलना पुरतील एवढ्या खिशात बाळगते.

चालू करण्याआधी

सगळे आउटगोइंग ब्रेकर बंद, मेन बंद, सर्ज प्रोटेक्टर आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवलेली. ५०० व्होल्ट डीसीच्या इन्सुलेशन टेस्टरने फेज-फेज, फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ तपासा. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकात या व्होल्टेजच्या वायरिंगला किमान मर्यादा १ मेगाओहम आहे, पण ती घरभर पसरलेल्या वायरिंगसाठी. नुसत्या कोऱ्या कंगव्याला शेकड्यांनी मेगाओहम यायला हवेत. दहा दिसले तरी मी थांबते आणि कापलेलं तोंड पुन्हा बघते. बहुतेक वेळा कीस तिथेच सापडतो.

नंतर कंटिन्युइटी. इथेच फसगत होते. मल्टीमीटरची शिट्टी सातव्या दातालाही वाजली असती, कारण तो टेकलेला होताच. मीटर अगदी थोडा करंट पाठवतो. त्याला टेकलेला आणि दाबलेला यातला फरक कळत नाही. २० अँपिअर वाहू लागले की कळतो. चांगला जोड एका मिलिओहमच्या खाली असतो; एक धरला तरी उष्णता २० गुणिले २० गुणिले ०.००१, म्हणजे ०.४ वॉट. वाईट जोडाचे १० मिलिओहम धरा, ४ वॉट होतात, आणि तेही नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या कुशीत, दिवसरात्र. तांबं तापून काळवंडतं, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी. ब्रेकर मात्र पडत नाही, कारण करंट मर्यादेतच आहे.

म्हणून वर्कशॉपमध्ये मी मिलिव्होल्ट मोजते. पॅनलला मेनची वीज नसते. टेबलावरच्या डीसी पॉवर सप्लायमधून फीडिंग टर्मिनल आणि एका ब्रेकरची जावक यांच्यामधून १० अँपिअर सोडते (६ अँपिअरचा ब्रेकर असेल तर ५, नाही तर तो थोड्या वेळात पडतो). मग मीटरची एक काडी त्या ब्रेकरच्या कंगव्याकडच्या स्क्रूवर आणि दुसरी त्याच फेजच्या शेजारच्या ब्रेकरच्या तशाच स्क्रूवर. शेजाऱ्यातून करंट वाहत नसतो, त्यामुळे त्याचा स्क्रू पट्टीचंच व्होल्टेज दाखवतो, आणि कंगव्याची खोळ न खरवडता जोडाचं माप हाती येतं. माझ्या टेबलावर चांगल्या दाताला एक-दोन मिलिव्होल्ट येतात. एखाद्याला पंधरा-वीस आले तर बाकी काही बघायचं राहत नाही. आकड्यापेक्षा शेजाऱ्यांशी तुलना महत्त्वाची.

जागेवर बसवलेल्या पॅनलला हे जमत नसेल तर पूर्ण भार तास-दोन तास चालू द्या आणि थर्मल कॅमेऱ्याने रांग बघा. एकाच रेटिंगच्या आणि सारख्या भाराच्या ब्रेकरमध्ये एकच उजळ दिसला तर तोच. मधल्या ब्रेकरना दोन्हीकडून शेजार असतो म्हणून ते थोडे गरम असणारच, त्यावरून घाबरू नका. वरचं तोंड खालच्यापेक्षा गरम असेल तर मात्र दात बघा.

पुढे एखादा ब्रेकर बदलायचा झाला तर

कंगव्याची ही खरी अडचण आहे. लूपच्या पॅनलमध्ये एक ब्रेकर दोन स्क्रूंवर निघतो. इथे मधला ब्रेकर काढायचा तर बहुतेक वेळा सगळे स्क्रू सोडून कंगवा उचलावा लागतो. काही कंपन्यांच्या ब्रेकरना रेलची क्लिप वर आणि खाली दोन्हीकडे सरकणारी असते, त्यामुळे तो एकटा पुढे ओढून काढता येतो. मोठ्या पॅनलसाठी मी तसेच निवडते. काहीही असलं तरी पूर्ण पॅनल बंद करूनच. फक्त एक ब्रेकर काढायचा म्हणून मेन चालू ठेवून अकरा दात हवेत लोंबकळत ठेवण्याची कल्पना मला एकाने गंभीरपणे सुचवली होती.

आणि कंगवा एकदा उचलला की तो नवीन बसवतोय असंच धरायचं. सगळे पिंजरे पुन्हा पूर्ण उघडायचे, टॉर्च मारायचा, बाराही स्क्रू टॉर्कने आवळायचे, डोक्यांची पातळी बघायची. दातांवरचे जुने ठसे पुसू नका, ते वाचा. एखाद्या दातावर ठसा नसेल, किंवा ठशाभोवती निळसर-काळी कड असेल, तर त्या दातासमोरचा ब्रेकरही बदला. त्याच्या पिंजऱ्याचा धातू उष्णतेने मऊ पडलेला असू शकतो. त्या दिवशी मी सातवा ब्रेकर आणि अख्खा कंगवा दोन्ही बदलले. जुना तुकडा वर्कशॉपच्या फळीवर ठेवलाय. नवीन कुणी कामाला आलं की आधी तो हातात देते आणि विचारते, यातला कुठला दात खोटा ते सांग.